रक्तातील रसायने आणि पांढऱ्या पेशी : पुरावा कुठवर आला आहे

१९७३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात पोत्यांची अदलाबदल झाली. गुरांच्या खाद्यात मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळायचे होते. त्याऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड बनवणाऱ्याच कंपनीत तयार होणारे, प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून वापरायचे ब्रोमीनयुक्त रसायन खाद्यात गेले. पीबीबी हे त्याचे संक्षिप्त नाव. शेकडो गोठ्यांतल्या गाई आटल्या, वासरे दगावली आणि कारण सापडेपर्यंत कित्येक महिने उलटले. तोवर दूध, लोणी, मांस आणि अंड्यांवाटे ते लाखो माणसांच्या अंगात उतरले होते. तीस हजारांच्या आसपास गुरे आणि सुमारे पंधरा लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

माणसे मात्र वरवर धडधाकट दिसत होती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतील एका गटाने मिशिगनच्या शेतकऱ्यांचे रक्त तपासले. ॲस्बेस्टॉसच्या रोगांवरील कामामुळे नाव झालेले डॉ. आयर्विंग सेलिकॉफ या गटात होते. १९७८ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील शेतकऱ्यांशी तुलना करता मिशिगनच्या बऱ्याच शेतकऱ्यांत टी पेशी या पांढऱ्या पेशींची संख्या कमी होती आणि उरलेल्या पेशींचा प्रतिसादही मंद होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने मिशिगनमध्येच तपासणी केली, तेव्हा अंगात जास्त पीबीबी असलेले आणि कमी असलेले यांच्या पेशींच्या कामात त्यांना फरक दिसला नाही. रक्तातील रसायनाचे मोजमाप आणि पेशींतला बिघाड यांचा मेळ काही बसेना.

तेव्हापासून हा प्रश्न वैद्यकाच्या पुढ्यात आहे. अंगात साठणारी विषे प्रतिकारशक्तीच्या पेशींचे नेमके काय करतात? आणि प्रयोगशाळेत दिसणारा बदल म्हणजे माणसाला झालेली इजा, असे कधी म्हणायचे? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचा सर्वाधिक कस लागला तो 'पीफास' या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या बाबतीत. म्हणून या लेखात भर त्यांच्यावर आहे. बाकीच्या विषांकडे आधी धावती नजर टाकू, कारण पीफासच्या वादातली बरीच गृहीतके तिथूनच आली आहेत.

धूळ आणि डायॉक्सिन

सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी वादग्रस्त कथा धुळीची आहे. फुप्फुसात गेलेला कण गिळून टाकणे हे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींचे काम. सिलिका किंवा ॲस्बेस्टॉसचा कण त्यांना पचवता येत नाही. पेशीच्या आतली पिशवी फाटते, पेशी धोक्याचे रासायनिक इशारे सोडत मरते आणि तो कण गिळायला पुढची पेशी येते. या इशाऱ्यामागची रेणूंची साखळी २००८ साली एकाहून अधिक प्रयोगशाळांनी उलगडली. खाणकामगार आणि दगडफोड्यांच्या छातीत वर्षानुवर्षे काय धुमसत असते, ते त्यातून समजले.

शहरी हवेबद्दलचा अलीकडचा महत्त्वाचा अभ्यास २०२२ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. कोलंबिया विद्यापीठातील डॉना फार्बर यांच्या गटाने ८४ मृत अवयवदात्यांच्या लसिकाग्रंथी पाहिल्या. दाते ११ ते ९३ वर्षे वयाचे होते. फुप्फुसाजवळच्या ग्रंथी वयाबरोबर काळ्या पडत गेलेल्या होत्या, तर आतड्याजवळच्या नव्हत्या. काळे कण ज्या मॅक्रोफेजमध्ये भरले होते त्यांची कण गिळण्याची ताकद घटलेली होती. म्हातारपणी श्वसनाचे आजार बळावतात त्याचा थोडा वाटा आयुष्यभर ओढलेल्या हवेचा असावा, असे हा अभ्यास सुचवतो. तो एका वेळी काढलेल्या छायाचित्रासारखा आहे. कण आधी की अशक्तपणा आधी, हे त्यावरून ठरत नाही. तरीही माणसाच्या ग्रंथीतली पेशी प्रत्यक्ष उघडून दाखवणारे असे काम दुर्मीळ आहे.

डायॉक्सिनची गोष्ट वेगळी आहे. १९७६ साली इटलीतील सेव्हेसो येथे कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग बाहेर पडला. त्याच वर्षी अमेरिकेत ॲलन पोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायॉक्सिन पेशीतल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते ते ओळखले. एएच रिसेप्टर हे त्याचे नाव. हे ग्राहक प्रथिन शरीराने विषासाठी घडवलेले असणे शक्य नव्हते. मग त्याचे मूळ काम कोणते? उत्तर यायला तीन दशके लागली. २००८ साली 'नेचर'मध्ये छापलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवले की टी पेशी दाह वाढवणारी व्हावी की दाह आवरणारी, हे ठरवण्यात या प्रथिनाचा हात असतो. कोबी, फ्लॉवर यांसारख्या भाज्यांतले काही घटक पोटात गेल्यावर त्याला जागे करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी सांभाळायला मदत करतात, हेही पुढे कळले. म्हणजे डायॉक्सिन शरीराची रोजची आज्ञाच बेवेळी आणि न थांबता देत राहते. सेव्हेसोतील लोकांच्या रक्तात अपघातानंतर सुमारे वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा डायॉक्सिन जितके जास्त तितके आयजीजी या प्रतिपिंडांचे प्रमाण कमी होते.

या इतिहासातून संशोधकांनी एक धडा घेतला. प्रतिकारशक्तीला इजा झाली का हे पाहायचे तर रक्तातल्या पेशी मोजून भागत नाही. त्या पेशींना एखादे काम द्यावे आणि त्या ते कसे करतात ते पाहावे. माणसाच्या बाबतीत असे काम आपण सर्वच मुलांना देत असतो, ते म्हणजे लस.

न मोडणारा बंध

पीफासच्या गाभ्यातला कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे. पाणी, तेल, उष्णता, जिवाणू यांपैकी कशालाही तो सहज दाद देत नाही. १९३८ साली ड्यू पाँटच्या रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन सापडले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ३एम कंपनी पीएफओए हे पीफास बनवू लागली आणि १९५१पासून ड्यू पाँट पश्चिम व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गच्या कारखान्यात ते वापरू लागली. डाग न धरणारे गालिचे, तेल न शोषणारा खाद्यपदार्थांचा कागद, विमानतळावरचा अग्निशामक फेस अशा असंख्य ठिकाणी या कुळातली रसायने पोहोचली.

ती माणसाच्या रक्तात आहेत हे पहिल्यांदा लक्षात आले ते जवळपास योगायोगाने. १९६८ साली डोनाल्ड टेव्हिस यांनी मानवी रक्तात फ्लोरिन दोन रूपांत असल्याचे 'नेचर'मध्ये लिहिले. त्यातले दुसरे रूप कोणते, याचा माग काढताना १९७६मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पीएफओएसारख्या औद्योगिक संयुगाकडे बोट दाखवले. आणखी दोन वर्षांनी ३एमने माकडांवर करवून घेतलेल्या चाचण्यांत अस्थिमज्जा, प्लीहा आणि लसिकाग्रंथींवरचे परिणाम नोंदले गेले होते. हे अहवाल सरकारी यंत्रणेच्या हाती पडेपर्यंत दोन दशके उलटली. या विषयाचा इतिहास वाचताना मला सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. प्रतिकारशक्तीच्या अवयवांकडे बोट दाखवणारा पुरावा कागदावर होता आणि ज्यांच्या रक्तात ही रसायने होती त्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता. ३एमने मे २०००मध्ये पीएफओएस या दुसऱ्या पीफासचे आणि त्याच्या जवळच्या संयुगांचे उत्पादन बंद करण्याची घोषणा केली.

ही रसायने डीडीटीसारखी चरबीत साठत नाहीत. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ती फिरत राहतात, यकृतात जातात आणि मूत्रपिंडातून पुन्हा रक्तात ओढली जातात. पीएफओए माणसाच्या रक्तातून निम्मे व्हायला दोन ते साडेतीन वर्षे लागतात. पीएफओएसला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पीएफएचएक्सएस हे त्याच कुळातले संयुग आणखी चिवट आहे. उंदरांत हाच काळ दिवसांत किंवा आठवड्यांत मोजला जातो. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला लावताना अडचण येते ती याच फरकामुळे. ही रसायने वारेतून गर्भाकडे आणि दुधातून तान्ह्या बाळाकडे जातात.

फेरो बेटांवरची मुले

अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर व्हेलचे मांस खाण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे तिथल्या लोकांच्या अंगात पारा आणि पीसीबी ही औद्योगिक रसायने जास्त आढळतात. डॅनिश वैद्य फिलिप ग्राँजाँ आणि स्थानिक डॉक्टर पॉल वाय्हे यांनी १९८०च्या दशकापासून तिथल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. आधी पीसीबी आणि लसीचा प्रतिसाद यांचा दुवा तपासला गेला. २०१२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पीफासवरचा त्यांचा निबंध आला आणि वादाला तोंड फुटले.

अभ्यासात १९९७ ते २००० या काळात जन्मलेली ५८७ मुले होती. सर्वांना धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसी वेळेवर मिळाल्या होत्या. पाचव्या वर्षी ज्यांच्या रक्तात या रसायनांचे एकूण प्रमाण दुप्पट होते, त्यांच्यात सातव्या वर्षी प्रतिपिंडे ४९ टक्क्यांनी कमी आढळली. प्रतिपिंडांची पातळी संरक्षणाच्या रूढ मर्यादेखाली, म्हणजे मिलिलिटरला ०.१ आंतरराष्ट्रीय एककाच्या खाली, जाण्याची शक्यताही वाढलेली होती. ही मुले कुठल्या कारखान्याच्या सावलीत राहत नव्हती. त्यांच्या रक्तातले पीफासचे प्रमाण त्या काळच्या इतर श्रीमंत देशांतील मुलांच्या तोडीचे होते, आणि म्हणूनच हा निष्कर्ष सर्वांना हादरवून गेला.

पुढच्या काही वर्षांत इतर देशांतून निष्कर्ष येत गेले. नॉर्वेत गर्भावस्थेतील संपर्क आणि रुबेलाची प्रतिपिंडे यांचा उलटा संबंध दिसला. बर्लिनमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस घेतलेले वर्षभराच्या १०१ बालकांचे रक्तनमुने नव्याने अभ्यासले गेले, त्यातही पीएफओएबाबत तसेच आढळले. ग्रीनलँडमधल्या मुलांतही घटसर्पाच्या प्रतिपिंडांविषयी मिळताजुळता निष्कर्ष निघाला. मला सर्वांत बोलका वाटतो तो पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमधला अभ्यास. तिथे पीफासचे प्रमाण युरोपच्या मानाने बरेच कमी, तरीही जास्त पीफास असलेल्या बालकांत गोवराची प्रतिपिंडे कमी भरली. जिथे गोवर अजून मुलांचा जीव घेतो तिथली ही नोंद आहे.

पेशींच्या आत

प्रतिपिंड तयार होण्याची वाट लांब आहे. लसीतला अंश पकडणारी पेशी तो टी पेशीला दाखवते. टी पेशीच्या मदतीने लसिकाग्रंथीत बी पेशी वाढतात, त्यातल्या निवडक पेशी अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे प्रतिपिंडे सोडत राहतात. यातला कुठला टप्पा पीफासमुळे ढिला पडतो, याचे एकमुखी उत्तर अजून मिळालेले नाही.

उंदरांवरचे काम स्पष्ट आहे. स्टॉकहोममधील प्रयोगांत मोठ्या मात्रेने थायमस आणि प्लीहा आक्रसल्या. अमेरिकेत जेमी डेविट यांनी २००८ साली दाखवले की त्याहून कमी मात्रेतही, उंदराला मेंढीच्या लाल रक्तपेशी टोचल्यावर जी प्रतिपिंडे उमटायला हवीत ती कमी उमटतात. पीफासची लांब साखळी चरबीच्या आम्लांसारखी दिसते, त्यामुळे ती चरबीचा हिशेब ठेवणाऱ्या पीपीएआर-अल्फा या ग्राहक प्रथिनाला चिकटते. उंदराच्या यकृतात हे प्रथिन माणसाच्या मानाने फार जास्त असते. म्हणून अनेकांचा आक्षेप असा होता की उंदराचा निकाल उंदरापुरताच धरावा. मग ते प्रथिनच नसलेले उंदीर घेऊन प्रयोग झाला, आणि त्यांच्यातही प्रतिपिंडे घटली. निदान एवढ्याने तरी त्या आक्षेपाची धार कमी झाली.

माणसाच्या रक्तातल्या पेशी काचपात्रात ठेवून मिलानमध्ये प्रयोग झाले. पीफासच्या सान्निध्यात पांढऱ्या पेशींनी संसर्गाचा इशारा देणारे रेणू कमी सोडले आणि त्यामागे एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनाचे दबणे असावे असे दिसले. उलट २०२१ सालच्या एका अभ्यासात पीएफओएसने मॅक्रोफेजमधली दाहाची एक यंत्रणा चेतवली. म्हणजे एकच रसायन एका पेशीला शांत करते आणि दुसरीला भडकवते. डायॉक्सिनचा अनुभव पाहता यात अशक्य काही नाही. फक्त 'प्रतिकारशक्ती कमी होते' एवढ्या एका वाक्यात हा परिणाम बसत नाही.

या दुहेरीपणाचा माणसांमधला पुरावा पार्कर्सबर्गच्या परिसरातून आला. तिथल्या पाण्यात पीएफओए मिसळल्याबद्दल वकील रॉब बिलट यांनी चालवलेल्या सामूहिक दाव्यातून सुमारे ६९ हजार रहिवाशांचे रक्त आणि आरोग्य तपासले गेले. न्यायालयीन तडजोडीने नेमलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीने २०१२पर्यंत सहा विकारांशी 'संभाव्य दुवा' मान्य केला. त्यात आतड्याला व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, जो प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाशी जोडला जातो. नेहमीच्या संसर्गजन्य आजारांशी मात्र समितीला दुवा सापडला नाही. लसीची प्रतिपिंडे घटतात, सर्दी-पडसे वाढत नाही आणि आतड्यातला दाह वाढतो, असे हे चित्र आहे. एकाच यंत्रणेतून ते कसे निघते, हे कोणी अजून जुळवून दाखवलेले नाही.

शंका आणि प्रतिशंका

विरोधी बाजूचे मुद्दे वजनदार आहेत आणि ते नीट मांडायला हवेत. पहिला मुद्दा सातत्याचा. एका अभ्यासात घटसर्पाची प्रतिपिंडे घटतात, दुसऱ्यात रुबेलाची, तिसऱ्यात एकच संयुग दोषी ठरते आणि बाकीची सुटतात. फेरो बेटांवरच्याच पुढच्या पिढीच्या मुलांत दुवा पहिल्याइतका ठळक राहिला नाही. दुसरा मुद्दा सरमिसळीचा. ज्याच्या रक्तात एक पीफास आहे त्याच्यात दहा असतात, जोडीला पीसीबी आणि पारा. दोष कोणाचा, हे सांख्यिकीने एका मर्यादेपर्यंतच वेगळे करता येते. स्तनपानाची गुंतागुंत त्यात आणखी भर घालते, कारण दुधातून पीफासही येते आणि आईचे संरक्षणही.

तिसरा मुद्दा सर्वांत मूलभूत आहे. प्रतिपिंडांचा आकडा घटला म्हणजे मूल आजारी पडले असे नाही. फेरो बेटांवर धनुर्वाताची साथ आलेली नाही. स्मृती पेशी शाबूत असतील तर संसर्ग झाल्यावर शरीर पुन्हा प्रतिपिंडे बनवते. २०१६ साली ३एमच्या पैशांवर झालेल्या एका विस्तृत आढाव्याने याच आधारावर कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही असे म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने साधारण तेच पुरावे पाहून पीएफओए आणि पीएफओएस माणसाच्या प्रतिकारशक्तीला घातक असल्याचे गृहीत धरावे, असा निर्णय दिला. पैशाचा उल्लेख करायचा तर दोन्ही बाजूंचा करावा. ग्राँजाँ हे ३एमविरुद्धच्या मिनेसोटा राज्याच्या खटल्यात राज्यातर्फे तज्ज्ञ होते. २०१८ साली हा खटला ८५ कोटी डॉलरवर मिटला. यामुळे कोणाचीच आकडेवारी खोटी ठरत नाही, पण वाचणाऱ्याला हे ठाऊक असावे.

कोविडच्या काळात निसर्गतःच एक कसोटी घडून आली. डेन्मार्कमध्ये ३२३ रुग्णांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यात पीएफबीए या छोट्या साखळीच्या संयुगाचे प्रमाण जास्त असलेल्यांत आजार अधिक गंभीर झाल्याचे दिसले. दुसरीकडे स्वीडनमधील रॉनेबी गावात हवाई तळावरच्या अग्निशामक फेसामुळे पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे दूषित होते आणि रहिवाशांच्या रक्तात पीफासचे प्रमाण प्रचंड होते. तिथल्या प्रौढांत कोविड लसीची प्रतिपिंडे कमी भरल्याचा पुरावा मिळाला नाही. रॉनेबीचा निकाल बाजूला सारता येणार नाही. तो समजावून घेण्याचे दोन-तीन मार्ग सुचवले गेले आहेत. प्रौढांची घडून गेलेली प्रतिकारशक्ती आणि तान्ह्या बाळाची घडत असलेली प्रतिकारशक्ती यांत फरक असेल. एमआरएनए लसीचा रेटाच इतका मोठा असेल की छोटी उणीव झाकली जावी. किंवा परिणाम अगदी कमी मात्रेतच पूर्णत्वाला जात असेल आणि त्यापुढे वाढत नसेल. तिन्ही शक्यता तपासण्याजोग्या आहेत, पण त्यांचा निवाडा झालेला नाही. पहिली मला अधिक संभवनीय वाटते, कारण जिथे दुवा ठळक दिसला ते बहुतेक अभ्यास बालपणाचे आहेत.

एकच पुरावा, निरनिराळे आकडे

या अनिश्चिततेतून सरकारांनी कोणते नियम काढले ते पाहण्यासारखे आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००८ साली शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १५०० नॅनोग्रॅम पीएफओए चालेल असे म्हटले होते. २०२० साली त्याच संस्थेने चार पीफास मिळून आठवड्याला ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली आणि आधार घेतला बालकांच्या लस-प्रतिसादाचा. बारा वर्षांत मर्यादा हजारो पटींनी खाली आली.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ साली पाण्यात लिटरमागे ७० नॅनोग्रॅम ही सल्ल्याची पातळी दिली होती. २०२२मध्ये फेरो बेटांच्या आकडेवारीवरून पीएफओएसाठी ती ०.००४ नॅनोग्रॅमवर आणली, जी प्रयोगशाळांना मोजताही येत नव्हती. २०२४ साली कायद्याने बंधनकारक मर्यादा ठरली ती ४ नॅनोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मसुद्यात १०० नॅनोग्रॅमचा आकडा होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नमानक संस्थेने २०२१मध्ये लसीच्या पुराव्यावर मर्यादा ठरवण्यास नकार दिला. ऑस्ट्रेलियाने २०२५मध्ये पाण्यातील पीएफओएसची मर्यादा ८ नॅनोग्रॅम केली, ती प्राण्यांच्या अस्थिमज्जेवरील परिणामावरून, म्हणजे पुन्हा पांढऱ्या पेशींच्या जन्मस्थानावरूनच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ साली प्रतिपिंडे घटण्याशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असे म्हटले. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने २०२३च्या अखेरीस पीएफओएला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले, तेव्हा तिने प्रतिकारशक्ती दबणे हा एक सबळ दुवा मानला. आकड्यांतली ही तफावत पाहून विज्ञान गोंधळलेले आहे असे वाटेल. खरे तर बहुतेक संस्था पुराव्याच्या दिशेबाबत जवळपास आल्या आहेत. मतभेद आहे तो लहानसा, लक्षण नसलेला बदल इजा मानायचा की नाही यावर.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. या संशोधनातला कोणीही जबाबदार माणूस लस टाळा किंवा अंगावर पाजू नका असे म्हणत नाही. प्रतिपिंडे कमी भरण्याची शक्यता असेल तर लस वेळेवर आणि पूर्ण घेणे अधिकच गरजेचे ठरते, आणि आईच्या दुधाचे फायदे या धोक्याहून मोठे आहेत असेच आरोग्य यंत्रणांचे म्हणणे आहे.

अंगात गेलेले पीफास बाहेर काढता येते का, यावर काम नुकते सुरू झाले आहे. ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशामक जवानांवर झालेल्या चाचणीत नियमित प्लाझ्मादानाने रक्तातले प्रमाण घटले, रक्तदानानेही थोडे घटले. डेन्मार्कमध्ये कोलेस्टेरॉलच्या एका जुन्या औषधाने बारा आठवड्यांत पीएफओएस सुमारे ६० टक्क्यांनी उतरले. रसायन उतरल्यावर लसीचा प्रतिसाद सुधारतो का, हे दाखवता आले तर कार्यकारणाचा वाद बराचसा मिटेल. या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रयोग तोच ठरेल.

विचेंझा ते लोटे

इटलीतील विचेंझा प्रांतात त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. २०१३ साली त्याच्या प्रदूषणाचा उलगडा झाला. सुमारे साडेतीन लाख लोकांचे पिण्याचे पाणी बाधित होते. तिथल्या प्रादेशिक सरकारने सर्वाधिक बाधित गावांतल्या रहिवाशांचे रक्त मोफत तपासण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. २०१८मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय उद्योगाने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणली गेली. यंत्रे तीच असली म्हणजे प्रदूषणही तेच होईल असे नाही. सांडपाण्याची व्यवस्था कशी आहे यावर ते अवलंबून असते. पण वासिष्ठीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना आपल्या पाण्यात आणि रक्तात आज काय आहे हे कळण्याचा हक्क आहे, आणि ते आजच मोजून ठेवले तरच उद्या तुलना करता येईल.

स्टॉकहोम कराराने पीएफओएसवर २००९ साली आणि पीएफओएवर २०१९ साली निर्बंध आणले. भारत या कराराचा सदस्य आहे, मात्र नव्याने जोडलेले प्रत्येक रसायन आपण वेगळे मान्य करतो. २०२० साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात रसायनांना मान्यता दिली, त्यात पीफासचे एकही संयुग नव्हते. आशियातील आईच्या दुधाच्या नमुन्यांचा २००८ सालचा अभ्यास सांगतो की त्या वेळी भारतातले पीएफओएसचे प्रमाण तपासलेल्या देशांत सर्वांत कमी होते. तो दिलासा आता जुना झाला आहे.

प्रतिपिंडे घटल्याने काय बिघडते, हा वाद फेरो बेटांवर एका अर्थी तात्त्विक राहू शकतो. तिथे मुलांच्या अंगात संरक्षणाची शिल्लक मोठी आहे आणि घटसर्प जवळपास नाही. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. २०१७-१८मध्ये देशभरातून गोळा केलेल्या रक्तनमुन्यांवरून ५ ते १७ वर्षांच्या मुलांची घटसर्पाविरुद्धची प्रतिपिंडे मोजली गेली. तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मुलांत पूर्ण संरक्षणाइतकी पातळी होती, बहुतेकांत अर्धवट. यामागे चुकलेल्या बूस्टर मात्रा आहेत, आणि रसायनांवर त्याचा ठपका ठेवायला आज काहीही आधार नाही. मात्र जे मूल आधीच मर्यादेच्या काठावर उभे आहे, त्याच्यासाठी पाच-दहा टक्क्यांची घटही क्षुल्लक नसते. म्हणून 'लहान बदल इजा मानावा का' याचे उत्तर युरोपातून उसने आणता येणार नाही. ते इथल्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आणि पीफास ही दोन्ही एकत्र मोजूनच मिळेल. लसीकरणाच्या पाहण्यांसाठी रक्त घेतले जातेच. त्याच नमुन्यात दुसरी मोजणी करायची तर आणखी एक सुईही टोचावी लागत नाही.